पूज्य

बॅटलीच्या या गिरणीत पूर्वी चिंध्या दळत.
जुने कोट, मेलेल्यांचे मोजे, शिपायांचे गणवेश
दातेरी रुळांत घालून पुन्हा लोकर करत,
आणि त्या लोकरीचे नवे कोट गावोगाव जात.
आता इथे हार्ड डिस्क येतात.
मागच्या खोलीत स्लावेकचं चुरा करायचं यंत्र,
पुढे माझं टेबल, आठ केबली, एक किटली.

काम सोपं आहे. लोकांना वाटतं, पुसलं म्हणजे पुसलं.
तसं नसतं. तुम्ही फक्त दारावरची पाटी काढता,
माणूस आत जेवत बसलेला असतो.
म्हणून मी घरच भरून टाकते.
कोनाडे, माळा, उंबऱ्याखालची फट,
सगळीकडे शून्य, शून्य, शून्य.
इचलकरंजीला आमच्या गुरवबाई
शून्याला पूज्य म्हणायच्या.
एकावर पूज्य दहा, दोनावर पूज्य वीस.
मला वाटायचं, पूज्य म्हणजे हात जोडायचे असतात.
वहीतल्या प्रत्येक दहाच्या मी पाया पडायचे.

नियम एकच: उघडून बघायचं नाही.
दवाखाने येतात, शाळा येतात,
एकदा बुडालेली अख्खी विमा कंपनी आली टेम्पोतून.
मी नंबर वाचते, लावते, सोडून देते.

मंगळवारी मिसेस बीव्हर्स आल्या.
पावाच्या पिशवीत डिस्क, पिशवीला गाठ.
म्हणाल्या, क्लिफर्डची. मार्चमध्ये गेला.
मुलगा म्हणतो, पासवर्ड तोडून बघू.
मला नाही बघायचं.
बेचाळीस वर्षं त्या खोलीचं दार लोटलेलं असायचं.
मी टकटक करायचे, चहा ठेवायचे,
मान न वळवता बाहेर यायचे.
आता वळवू?

मी म्हटलं, आजकालच्या डिस्कला एक हात पुरतो.
त्या म्हणाल्या, तीनदा.

मग साडेचार तास त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर,
कोट अंगातच, पर्स मांडीवर,
आत कुणाचं ऑपरेशन चाललंय अशा.
पडद्यावर नऊ टक्के. दहा. बराच वेळ दहाच.
डिस्क बारीक किरकिरत होती.
दुखतं का हो तिला, असं विचारून स्वतःच हसल्या.
मग कुणी न विचारता सांगत बसल्या:
त्याने टपालाने एक होडी मागवली होती,
अजून गॅरेजात खोक्यातच आहे.
समुद्र त्याला आवडायचा नाही.
एकसष्ट टक्क्यांना त्या रडल्या,
बासष्टला सँडविच काढलं, अर्धं मला दिलं.
अंड्याचं. मंगळवार असून मी खाल्लं.

शेवटी मी तपासणीची खिडकी उघडली.
इथे मात्र बघायची परवानगी आहे,
बघण्यासारखं काही उरलेलं नसतं म्हणून.
शून्यांच्या ओळीवर ओळी.
त्यांनी चष्मा पुसला, वाकल्या,
आणि पत्र वाचावं तसं पान वाचलं,
डावीकडून उजवीकडे, एकही ओळ न गाळता.
मग म्हणाल्या,
आधीही असंच असलं तर?

मला माहीत नव्हतं. मी किटली चालू केली.

जाताना त्यांनी डिस्कवरची चिकटपट्टी मागितली.
निळ्या शाईत, त्याच्याच अक्षरात:
घर. जपून ठेवणे.
नखाने सोलून ती हातमोज्यावर चिकटवली
आणि चारलाच अंधारलेल्या रस्त्याने
तो हात पुढे धरून गेल्या, काही सांडेल अशा.
सर्टिफिकेट विसरल्या.

ते माझ्या ड्रॉवरात पडून आहे.
फेऱ्या: तीन. शिल्लक: काही नाही.
खाली साक्षीदार म्हणून माझी सही.
कशाची साक्ष, ते लिहायला रकाना नाही.

डिस्क चांगली निघाली, म्हणून स्लावेककडे गेली नाही.
शनिवारी डोनकास्टरचा एक पोरगा आला,
चौदा पौंड मोजले, हातात वजन करून पाहिली.
विचारलं, हिच्यात काही नाही ना?
मी म्हटलं,
तीनदा नाही.